भुतांचे प्रवेशशुल्क

जळगाव-धुळ्याच्या काही सोसायट्यांत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन साजरा होतो, ही बाब अभिनंदनीय आहे. खान्देशात तेव्हा कपाशीची वेचणी चालू असते, घाम पुसून रुमाल ओले होतात आणि पानगळीचा पत्ता नसतो. म्हणून गेटवर मेपलची प्लॅस्टिकची पाने लोंबतात. केळीची खरी पाने आहेत, पण ती काय, रोजचीच.

सर्वपित्रीला गच्चीवर कावळ्याला घास ठेवणाऱ्यांना मागासलेले म्हणणारी मंडळीच आता पोरांच्या शर्टावर हौसेने हाडे रंगवतात. तिठ्यावर लिंबू दिसले की वळसा घेणाऱ्या मातोश्री दाराला कवटी टांगतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आडवा येत नाही. ही भुते इंग्रजी बोलतात.

एक नम्र सूचना. भोपळ्याऐवजी भरताची वांगी कोरावीत. आत मेणबत्ती लावली की देखावाही होईल आणि कळण्याच्या भाकरीसोबत रात्रीच्या जेवणाचाही प्रश्न मिटेल.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरी फिरायचे, डबा खुळखुळवला की आतला खाऊ ओळखायचा, ही रीत मागे पडते आहे ते बरेच. दुसऱ्याच्या दारी खाऊसाठी जाणे शोभते का? चॉकलेट मागत फिरण्याचे तसे नाही. त्याला प्रवेशशुल्क आहे.

यंदा 'बेस्ट विच'चे बक्षीस तिसऱ्या मजल्यावरच्या नऊवारीतल्या आजींना मिळाले. त्या नुसते दार उघडायला आल्या होत्या. परीक्षकांनी मेकअपचे विशेष कौतुक केले.