रूळकरांची जागा

रूळकरांना कोणाचं नवीन घर बघायला नेऊ नये. बाकीची मंडळी किचनचे ड्रॉवर ओढून बघतात, बाथरूममधले नळ सोडून बघतात. रूळकर खिशातून टेप काढतात आणि फ्रिज व खिडकी यांच्यामधली भिंत मोजतात. "अठराची त्रिज्या बसत नाही," असं पुटपुटून मालकाकडे दुखवट्याला आल्यासारखे बघतात. मालकाला वाटतं, वास्तुदोष निघाला.

रूळकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे, आम्ही ठेवलेलं आहे. पण हा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बँकेतून निवृत्त, नाकावर चष्मा, खिशात टेप आणि डोक्यात आगगाडी. गाडी डोक्यातच. मॉडेल रेल्वेचा लेआउट ते कित्येक वर्षं आखताहेत, पण घरात अजून वीतभरसुद्धा रूळ पडलेला नाही.

डोंबिवलीतला वन बीएचके. दिवाणावर ग्राफपेपर पसरलेला, त्यावर कंपास, खोडरबर आणि पुठ्ठ्याचे कापलेले सांधे. सुरुवात एचओने झाली. एचओ म्हणजे खऱ्याच्या 87 वा भाग, रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. अठरा इंचांच्या त्रिज्येचं वळण म्हणजे तीन फुटांचं वर्तुळ, कडेला थोडी जागा सोडली की तीन फूट चार इंचांची फळी. एवढी फळी त्यांच्या घरात एकाच ठिकाणी मावते, मुख्य दरवाजासमोर.

"येणारा खालून वाकून येईल, त्यात काय?" रूळकर म्हणाले. "इंग्लंडात लोक असेच लेआउटखालून वाकून खोलीत जातात."

"वन्सं वाकतील का?" वहिनींनी विचारलं.

तो नकाशा तिथेच रद्द झाला.

त्यात त्यांना हवी डेक्कन क्वीन. 1930 साली सुरू झालेली ही गाडी सोडून दुसरी कुठली गाडी घरात आणणं त्यांना पाप वाटतं. आताचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, एचओत तो 27 सेंटीमीटर भरतो. सोळा डबे धरा, पुढे इंजिन लावा, साडेचार मीटर झाले. हॉल दहा फुटी. म्हणजे इंजिन गॅलरीत पोचलं तरी गार्ड अजून मोरीत. दोन-तीनच डबे जोडा, असं कोणी सुचवलं की ते विचारतात, "आणि पासवाल्यांनी बसायचं कुठे?"

मग खंडाळ्याचा घाट. बोरघाटाचा चढ 37 ला 1. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर वरची लाइन साडेसात सेंटीमीटर उचलावी लागते. त्या चढाने तेवढं वर जायला पावणेतीन मीटर लागतात आणि उतरायला पुन्हा तेवढेच. हिशेब पुरा होईपर्यंत गाडी भिंत फोडून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिरली होती. रूळकर डगमगले नाहीत. घाटात 1929 पर्यंत रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी तिथे थांबून उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. तसंच इथे करायचं ठरलं. फक्त ते स्टेशन देवघराखाली येत होतं. वहिनींनी हातातली उदबत्ती न हलवता "नाही" म्हटलं आणि ती योजनाही बारगळली.

त्यानंतर ते 160 व्या भागाच्या एन स्केलवर उतरले, तिथून 220 व्या भागाच्या झेडवर. मेर्कलिन या जर्मन कंपनीने 1972 मध्ये आणलेल्या झेडमध्ये रुळांमधलं अंतर साडेसहा मिलिमीटर. गाडी जसजशी लहान होत गेली तसतसा चष्म्याचा नंबर वाढत गेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, आणखी लहान गाडी नको.

मधल्या काळात माथेरान येऊन गेलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कल्पनांत शहाणी तीच. 1907 ची लाइन, दोन फुटी गेज, चिमुकले डबे आणि मुळातच आवळलेली वळणं. लहान जागेत आवळ वळण खोटं वाटतं, पण माथेरानला ते खरंच आहे. हे मी बोलून दाखवलं आणि रूळकरांचा चेहरा उतरला. "मग काय, बसेलच ती," असं म्हणून त्यांनी तो कागद घडी घालून ठेवून दिला.

पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं आणि 1998 पासून लोकांसाठी खुलं असलेलं. दिवे मालवले की अख्खं शहर उजळतं, पोरं टाळ्या वाजवतात. रूळकर भक्तिभावाने जाऊन आले. "अप्रतिम," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण जागा आहे हो त्यांच्याकडे!"

अखेर त्यांना इंगलनुक सापडलं. अॅलन राइट नावाच्या इंग्रजाने केलेलं शंटिंगचं कोडं. एका फळीवर तीन लाइनी, एकीवर पाच डबे मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. डबे एकूण आठ. त्यांतून पाच डब्यांची गाडी ठरलेल्या क्रमाने जोडायची. असे क्रम 6720 होतात. रोज एक गाडी जोडली तरी अठरा वर्षं पुरतील, म्हणजे रूळकर पंच्याऐंशीपर्यंत बुक.

सराव ओट्यावर सुरू झाला, आठ काडेपेट्यांवर बॉलपेनने नंबर टाकून. एका संध्याकाळी मी गेलो तर ते ओट्याशी वाकून दोन नंबर मागे ढकलत होते. वहिनींनी तीन नंबर उचलला, गॅस पेटवला आणि काडेपेटी पदराला खोचून कुकर लावला.

"तीन नंबर कुठे गेला?"

"सिक लाइनला," वहिनी म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात रेल्वेची भाषा त्यांनाही लागली आहे. रूळकरांनी मुकाट्याने वहीत 'एक वॅगन नादुरुस्त' अशी नोंद केली आणि सात डब्यांवर शंटिंग पुढे चालू ठेवलं.

गेल्या दिवाळीत मुलाने बदलापूरला मोठा फ्लॅट घेतला आणि म्हणाला, "बाबा, बारा बाय चौदाची ही खोली तुमची. काय घालायचे ते रूळ घाला." आम्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता नाचेल. रूळकरांनी खोली मोजली, खिडकीशी जरा उभे राहिले आणि टेप खिशात घातला. पुढचे पंधरा दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. ग्राफपेपर आणला नाही की पेन्सिलीला टोक केलं नाही. वहिनींनी रक्तदाब तपासून घेतला, तो नॉर्मल निघाला.

मग एका सकाळी ते आमच्या दारात, काखेत नवी गुंडाळी.

"कर्जत ते लोणावळा करतोय. सगळा घाट. एकही वळण गाळायचं नाही."

"बसतोय का?"

"अठ्ठावीस किलोमीटर. एचओत 322 मीटर." त्यांचे डोळे चमकत होते. "खोली फारच लहान पडते हो! चहा टाका, सांगतो."