निवडक गळे

प्रत्येक शाळेत एक गाणारं पोरगं असतं. ते चांगलं गातं की नाही हा प्रश्न नंतरचा. पण शिक्षणाधिकारी येवोत, आमदार येवोत की लस टोचायला आलेली नर्सबाई येवो, स्वागतगीताला त्यालाच उभं करतात. आर्वीकडच्या आमच्या शाळेत ते पोरगं म्हणजे मी. गणितात काठावर, कबड्डीत राखीव, पण पेटी वर्गात आली की हेडसरांपासून चपराशापर्यंत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. घरीही तेच. पाहुण्यांपुढे पोह्यांच्या आधी माझं गाणं यायचं आणि पोह्यांच्या आशेवर पाहुणे ते ऐकून घ्यायचे.

त्यामुळे, ‘जिल्ह्यातल्या निवडक मुलामुलींचं समूहगानाचं शिबिर आहे, शनिवार-रविवार, वर्ध्याला, आपल्या शाळेतून तुझं नाव पाठवलंय,’ असं सर म्हणाले तेव्हा मला आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. बाकीच्यांना कशाला बोलावलं असेल, एवढंच मनात आलं.

आईने पिशवीत ज्येष्ठमधाच्या कांड्या, खडीसाखर आणि लवंगा भरल्या. जानेवारीची थंडी म्हणून गळ्याभोवती लाल मफलर गुंडाळला. आजीने दारातून बजावलं, “थंडं पानी पेशीन त घसा बसन. मंग गावात काय तोंड दाखोशीन?” बसस्टँडवर वडिलांनी कंडक्टरला सांगितलं, “भाऊ, पोरगं गायक आहे, वर्ध्याला नीट उतरवून द्या.” कंडक्टर म्हणाला, “गाते काय? मंग म्हन न एखांदं.” खरांगण्यापर्यंत मी एसटीच्या खडखडाटावर मात करत गात होतो. निम्मी गाडी झोपलेली होती, ती उठली. तिकीट मात्र पूर्ण घेतलं.

वर्धा जिल्ह्यात तालुके आठ. शिबिराच्या हॉलमध्ये शिरलो तर आठही तालुक्यांचे तानसेन सतरंजीवर आधीच येऊन बसलेले, आणि निम्म्यांच्या गळ्यात मफलर. हिंगणघाटचा एक जण तर कुणाशी बोलतच नव्हता, आवाज जपत होता. सेलूच्या दोघी मुली एकमेकींना आपापल्या ढाली सांगत होत्या. आष्टीचा पोट्टा स्वतःची खंजिरी घेऊन आला होता. त्याच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी व्हायची, तिथे तो चौथीपासून गायचा. माईक नसताना गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जायला हवं, या हिशेबाने त्याचा गळा घडला होता. शेजारी बसला म्हणून मी त्याला सहज नाव विचारलं. त्याने सांगितलेलं नाव समोरच्या भिंतीजवळच्या मुलीने वहीत लिहून घेतलं.

शिबिराचे सर नागपूरहून आले होते. त्यांनी आधी प्रत्येकाचा आवाज तपासला. म्हणाले, आवडीचं काहीही म्हणा. पोरांनी आवडीचं म्हणून तीनच गाणी म्हटली: ‘दो आँखें बारह हाथ’मधली प्रार्थना, ‘गुड्डी’मधली प्रार्थना आणि ‘अंकुश’मधली प्रार्थना. 1957, 1971 आणि 1986. एवढ्या तीन सिनेमांवर आपल्या शाळांचे परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. त्यातली पहिली तर सहा खुनी कैद्यांच्या सिनेमातली आहे. ती शाळेत इतकी कशी रुळली, याचं उत्तर ज्याने त्याने आपली शाळा आठवून द्यावं. पहिल्या दोन्ही प्रार्थनांच्या चाली वसंत देसाईंच्या. हजारो शाळकरी मुलांनी एका सुरात गावं म्हणून हा माणूस आयुष्याच्या शेवटच्या काळात झटला. आमच्या सरांनी त्यांच्या दोन चाली एका सकाळी आलटून पालटून इतक्यांदा ऐकल्या की शेवटी शेवटी ते नुसतं ‘पुढचा’ म्हणायचे.

मग त्यांनी पहिला नियम सांगितला. “तुमचा आवाज तुम्हाला ऐकू येत असेल, तर तुम्ही जोरात गाताय. आणि शेजारच्याचा ऐकू येत नसेल, तरी तुम्हीच जोरात गाताय.”

हॉलमध्ये शांतता पसरली. इथवर आमची सगळी पुण्याई एकाच गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे बाकीच्यांपेक्षा जास्त ऐकू येणं. त्यासाठीच तर आम्हाला निवडलं होतं. आणि निवडून आणून आता सांगत होते की दिसू नका, ऐकू येऊ नका, मिसळा. आष्टीवाल्याने खंजिरी सतरंजीखाली सरकवली आणि माझ्या कानाशी पुटपुटला, “मंग आपल्याले बलावलं कायले बे?” हे पुटपुटणं सरांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकलं.

पुढचा तंटा पट्टीचा. मुलींची पट्टी काळी चार नाहीतर पाच. मोठ्या पुरुषांची काळी एक. नववीतल्या पोरांचं काहीच सांगता येत नाही. कंठ फुटलेला असतो, पण कुठल्या बाजूला ते अजून ठरायचं असतं. पाश्चात्त्य वृंदगानात ही भानगड नसते. तिथे उंच गळ्यांना वेगळी ओळ, खर्जाच्या गळ्यांना वेगळी ओळ, ज्याला जे झेपतं ते त्याने गायचं. आपलं सगळं एकच चाल, एकच षड्ज. चढा नाहीतर पडा. सरांनी मधली म्हणून काळी तीन धरली. मुलींचा खालचा पंचम नुसता वारा होऊन बाहेर यायचा आणि पोरं तार षड्जापाशी पोचली की एकेक गळा चिरकायचा. दोन्ही बाजूंचं सारखं नुकसान झालं की त्याला तडजोड म्हणायची आपल्याकडे रीतच आहे.

दुपारून सरांना वाटलं, एका गाण्याचा शेवट तरी दोन आवाजांत करू. मुलींनी गंधारावर थांबायचं, आम्ही षड्ज धरून ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. पण चाल तिकडे चालली आहे आणि आपण मात्र इथेच खुंटा धरून उभं राहायचं, हे आमच्या गळ्यांना काही केल्या पटेना. दर वेळी सगळी पोरं हळूहळू घसरत गंधारावर जाऊन पोचायची. सर वैतागले. “अरे, षड्ज कुठे गेला?” मागून हिंगणघाटच्या त्या मौनी गायकाने शिबिरातलं पहिलं वाक्य उच्चारलं, “सर, तो पोरींकडे गेला.”

तोच हिंगणघाटवाला संध्याकाळच्या सुट्टीत गोरसपाकाचा पुडा घेऊन आला. वर्ध्याला आलेला माणूस गोरसपाक घेतल्याशिवाय घरी परतत नाही, घरचेही त्याला तसा परतू देत नाहीत. गायीच्या तुपातलं ते जाडजूड बिस्कीट दाताखाली आलं की विरघळतं थोडं आणि भुगा जास्त होतो. सरांनी तेलकट-तुपकट वर्ज्य केलं होतं, म्हणून त्याने अख्खं एक तोंडात कोंबलं आणि नेमके त्याच क्षणी सर म्हणाले, “चला, सगळे लांब आकार लावा.” त्याने लावला. पुढच्या ओळीतल्या देवळीच्या मुलीच्या तेल लावून घट्ट घातलेल्या वेणीवर तो आकार बराच वेळ चिकटून होता. सरांनी डोळे मिटले होते. म्हणाले, “कुणाचा तरी श्वास फार छान भरलेला आहे.”

संध्याकाळी आम्हाला सेवाग्रामला नेलं. आश्रमात रोज पहाटे आणि संध्याकाळी सर्वधर्मप्रार्थना होते. बापूंनी 1936 साली लावलेल्या पिंपळाजवळच्या मोकळ्या जागेत माणसं खाली बसतात. पेटी नाही, तबला नाही, पट्टी कुठली म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. तिथे आश्रमातले एक आजोबा होते, एक परदेशी बाई होत्या आणि एसटी चुकलेलं, यवतमाळकडचं वाटणारं एक कुटुंब होतं. जो ज्या सुरात होता तो त्याच सुरात सुरू झाला. संस्कृत झालं, जपानी बौद्ध मंत्र झाला, अरबी झालं. परदेशी बाईंचं जपानी आमच्या संस्कृतपेक्षा स्वच्छ होतं. आम्ही निवडक मंडळी दिवसभर काळी तीन घोटून आलेलो. सरांच्या चेहऱ्यावर दाढदुखीची कळा आली.

गांधीजींचा स्वतःचा सूर कसा होता कोण जाणे, पण सगळ्यांनी मिळून गावं यावर त्यांचा भारी जोर. आपलं संगीत मूठभरांच्या हातात राहिलं ही त्यांची जुनी तक्रार. मोठमोठ्या गवयांना काँग्रेसच्या अधिवेशनांत बोलावून लोकांना समूहाने गायला शिकवायला लावावं, असं त्यांनी 1920 सालीच ‘यंग इंडिया’त लिहून ठेवलं होतं. पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात याच कामाला लागले होते, ‘आश्रम भजनावली’ त्यांच्याच हातची. 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि त्यानंतर झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात सूतकताईसारख्या उद्योगाबरोबर संगीतही आलं. निवड चाचणीचा उल्लेख यात कुठे नाही. त्या पिंपळाजवळ आष्टीवाला एकटाच खुशीत होता. इथे त्याला कुणी हळू म्हण म्हणालं नाही. रामधून सुरू झाली तशी त्याने टाळी धरली, आणि यवतमाळचं कुटुंब, परदेशी बाई, आजोबा सगळे त्याच्या मागे निघाले. शेवटी सरसुद्धा.

एकादश व्रतं म्हणताना ‘अस्वाद’ आलं, तेव्हा हिंगणघाटवाल्याचा हात खिशातल्या पुड्यावर होता. तो त्याने तिथून काढला नाही.

रविवारी दुपारी कार्यक्रम. प्रमुख पाहुण्यांचं भाषण आमच्या सगळ्या गाण्यांहून लांब झालं, त्यांनी त्यात संगीताला वेळ देत चला असा उपदेशही केला. मग आम्ही गायलो. दोन आवाजांचा शेवट आला, मुली गंधारावर थांबल्या आणि आमचा षड्ज चक्क जागेवर राहिला. सर खालून बघत होते. त्यांनी दोन बोटं हलवून ‘धरा, धरा’ अशी खूण केली आणि आम्ही इतका धरला की पाहुण्यांनी दोनदा टाळ्या वाजवायला हात वर केले आणि दोनदा खाली घेतले.

वर्ध्यात रामनगरला राहणारा मामा टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. ती कॅसेट घेऊन मी रात्री घरी पोचलो. घरचे सगळे टेपभोवती बसले, शेजारच्या काकूही आल्या. आधी खुर्च्या सरकल्या, मग पेटी, मग आम्ही.

“यात तुझा कोणता रे?” आईने विचारलं.

“सगळ्यांचाच एक आहे,” मी म्हटलं. “वेगळा ऐकू आला तर चुकलं.”

वडिलांनी कॅसेट मागे नेली, कान लावून परत ऐकली, पुन्हा मागे नेली. त्यांच्या चेहऱ्यावर एसटीचं पूर्ण तिकीट स्पष्ट दिसत होतं. काकू म्हणाल्या, “पोट्टं नुसतं तोंड हालवत असन.”

तेवढ्यात कॅसेटमधून, पेटीच्या आणि सगळ्या निवडक गळ्यांच्या वरून, मामाचा खणखणीत आवाज आला, “तो पाहा, तिसऱ्या लायनीतला, लाल मफलरवाला, तो आपला हाये!”

आजीचे डोळे मिटलेले होते. तिने समाधानाने मान डोलावली. “हे बेस म्हनलं पाय यानं,” ती म्हणाली. “शब्द न् शब्द समजला.”