हजेरीला नाव होतं, दाखल्याला नाही

प्रवेशाचे दिवस आले की ‘शिक्षणातलं आरक्षण अजून किती वर्षं?’ हा प्रश्न निघतोच. विचारा जरूर. पण त्याआधी, ज्यांच्यासाठी आरक्षण ठेवलं त्यांच्या हाती ते पडलं का, हे बघा.

महाराष्ट्रात विमुक्त जातींना ३ टक्के जागा आहेत. नंदीवाले, मसणजोगी, वैदू, घिसाडी अशा भटक्या जमातींना अडीच टक्के. बारावीनंतर इंजिनिअरिंग-मेडिकलला त्या जागेवर प्रवेश हवा तर जातवैधता लागते. तिच्यासाठी कुटुंबाची जात आणि राज्यातलं वास्तव्य दाखवणारा २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जन्माची नोंद. ज्या आजोबांना कुणी शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांचा दाखला नातीने कुठून आणायचा? नंदीबैल घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसाच्या नावावर सातबारा कसा असेल? मुलगी परीक्षेत पास होते आणि कागदात नापास होते.

सरकारला ही माणसं ठाऊक नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड कोंडलं आणि रोज हजेरी लावली. स्वातंत्र्यानंतरही सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. हजेरीसाठी सरकारला ज्यांची नावं सापडत होती, जातीच्या दाखल्यासाठी त्यांच्याच नातवंडांची सापडत नाहीत. हा निव्वळ अन्याय आहे.

‘सगळा फायदा श्रीमंतच लाटतात’ हे दुसरं पालुपद. या प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे उत्पन्नमर्यादेची, अट आहे. साहेबाच्या मुलाला ती अडवते. पालावरच्या मुलाला अडवतो तो पुरावा. आणि आरक्षणच काढून टाकल्याने त्याची वाट मोकळी होणार नाही, उरलीसुरली दारंही बंद होतील.

मग करायचं काय? अधिकाऱ्यांनी वस्तीवर जावं, गृहचौकशी करावी, शेजारपाजाऱ्यांचे जबाब घ्यावेत आणि मुदतीत दाखला द्यावा. हे कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको, त्याच्या कामाचा भाग हवा. आश्रमशाळेत पोर पहिलीला आलं की तिथूनच कागद सुरू व्हावेत. बारावीच्या उन्हाळ्यात बापाने मजुरी बुडवून जातपडताळणी समितीच्या दारात उभं राहायची वेळ येता कामा नये.

आणि आरक्षणाची गरज संपली का, हे ठरवायचंच असेल तर जमातनिहाय मोजणी करा. कोणत्या जमातीतून आजवर एकही डॉक्टर, एकही इंजिनिअर, एकही प्राध्यापक झालेला नाही, त्याची यादी लावा. त्या यादीत एक जरी नाव असेल, तर आरक्षण संपवायची भाषा करण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही.