गॅसला सवत आली हो!

अहो, ऐकलंत का? थांबा, आधी दार लोटून घ्या. आमच्या सोसायटीत घरोघरी जे चाललंय ते भिंतींच्याही कानावर जाऊ नये असं आहे. वर्षानुवर्षं इमानानं जळणाऱ्या गॅसच्या डोळ्यांदेखत ओट्यावर काळ्या काचेची एक चपटी पाटी येऊन बसली आहे. ना ज्योत, ना लायटर. बोट लावलं की नुसतं 'पीं' करायचं, की लागली कामाला! नाव इंडक्शन.

हे लोण आलं कुठून, तर खोल्या करून राहणाऱ्या पोरांकडून. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आलेली मुलं घरमालकाची नजर चुकवून पलंगाखाली हे यंत्र दडवायची आणि रात्री मॅगी शिजवायची. वयाचा दोष म्हणून आपण सोडून दिलं. पण आता चांगल्या घरातल्या, नातवंडं असलेल्या काकू राजरोस त्यावर आमटी उकळताहेत!

बरं, या बाईसाहेबांची चाल तरी बघा. म्हणे स्वतः तापतच नाहीत. काचेखाली तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्यात सेकंदाला २०,००० हून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह. त्यामुळे वरच्या भांड्याच्या बुडातच प्रवाह गरगरायला लागतात आणि भांडं आपलं आपण तापतं. म्हणजे आग लावायची दुसऱ्याच्या घरात आणि आपण नामानिराळं राहायचं! याचं मूळ शोधत गेलं तर बोट थेट मायकेल फॅरडेकडे जातं. १८३१ साली त्यानंच हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन जगाला दाखवलं. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रिजिडेअरवाल्यांनी शेगडी आणि पातेलं यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवून पाणी तापवायचे खेळ केले. पेपर जळत नाही, पाणी मात्र तापतं! तेव्हाच कुणीतरी कान धरायला हवा होता.

आता खरी खमंग बातमी. ही सवत सासरची भांडी घरात ठेवत नाही! चुंबक चिकटेल तेच भांडं तिला चालतं. ॲल्युमिनियमचा कुकर नाही, पितळी पातेलं नाही, मोदकांचं तांब्याचं पात्र तर नाहीच. स्वतःच्या पोटात तांब्याची गुंडाळी आणि तांबट आळीतल्या भांड्याकडे ढुंकून बघायची नाही, याला काय म्हणावं? स्टीलमध्येसुद्धा भेदभाव, काही स्टीलला चुंबक चिकटतं, काहीला नाही. म्हणून हल्ली बोहरी आळीत बायका फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये घालून हिंडतात आणि दुकानदारासमोर कढई पालथी घालून तपासतात. पत्रिका बघताना एवढी चौकशी नव्हती हो! गंमत म्हणजे अडगळीत टाकलेला आजेसासूबाईंचा बिडाचा तवा बूड सपाट असल्यामुळे एका झटक्यात पास झाला. त्याचा तोरा आता बघवत नाही.

'पण बाई, फायदा काय?' असं विचारलंत की काकूंच्या डोळ्यांत चमक येते. पंखा! मे महिन्यात स्वयंपाकघरातला पंखा चालू ठेवून पोळ्या लाटता येतात. गॅस असताना पंखा लावला की ज्योत फडफडणार, म्हणून पिढ्यान् पिढ्या बायका घाम पुसत उभ्या राहिल्या आणि पंख्याखाली बसून 'अजून झालं नाही का?' विचारणारे वेगळेच. या एका मुद्द्यावर, खरं सांगते, माझीही जीभ अडखळते.

तेवढ्यात घरोघरचे काका वीजबिल घेऊन येतातच. २,००० वॉटवर अर्धा तास चालवलं की एक युनिट जळतं. रोजची दोन धरली तरी महिन्याला साठ. आधीच २६० युनिटं जाळणारं घर ३२० वर जातं, आणि महावितरणच्या हिशेबात ३०० च्या वरची वीस युनिटं पुढच्या, महाग दरानं. सिलिंडर जास्त दिवस पुरला म्हणून काकू हसतात, स्लॅब ओलांडला म्हणून काका रुसतात. दोघांचंही खरं.

स्वभाव म्हणाल तर लहरी. आच मंद केली की सतत मंद जळणं माहीत नाही. घटकाभर जोरात, घटकाभर बंद. दूध वर येतं, खाली बसतं, पुन्हा वर. गुंडाळी लहान, त्यामुळे मोठ्या भाकरीचा मधला भाग डागतो आणि कडा कच्च्या. कुकरच्या शिट्ट्या इतक्या भराभर होतात की तीन मोजून बंद करावं तर डाळ आपली टणकच. पिठाचे हात लावले तर बटण ऐकत नाही, आणि तवा जास्त तापला की पडद्यावर 'ई' दाखवून संप!

म्हणूनच आता कान इकडे करा. ज्या ज्या घरी 'आम्ही गॅस सोडला' अशी दवंडी पिटली गेली, त्या त्या घरातून संध्याकाळी भाजक्या वांग्याचा वास येतो. जळगावचं भरताचं वांगं काचेवर कसं भाजणार? सुकं खोबरं, कांदा, पापड, जाळीवर टम्म फुगणारा फुलका, सगळ्यांना ज्योतच लागते. म्हणजे फोटो इंडक्शनबरोबर आणि भरीत गॅसबरोबर. सोडचिठ्ठी एकीनंही दिलेली नाही. चहा, भात, आमटी धाकटीकडे आणि भाजणं-फुगवणं थोरलीकडे, अशी सोयीस्कर वाटणी झाली आहे. तोंडानं मात्र कुणी कबूल करत नाही.

आणि ही वाटणीही टिकेल असं समजू नका. बाजारात इन्फ्रारेड नावाची आणखी एक काचवाली फिरते आहे. ती स्वतः लालबुंद होते आणि तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, माती, सपाट बुडाचं जे येईल ते चालवून घेते. कुणालाच नाही म्हणत नाही म्हणे! आता अशा बाईबद्दल मी काय बोलणार? फक्त कुठल्या दुकानात मिळते तेवढं सांगा, म्हणजे तिकडे फिरकायला नको.