सारा नावाची बाई कुठेच नव्हती

सर इयन डंकन स्मिथ यांस,

'सप्रेम नमस्कार' लिहवत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

इंग्लंडमधल्या आमच्या गावात दर शुक्रवारी मी फूड बँकेत शिध्याच्या पिशव्या भरते. भरण्याआधी विचारावं लागतं, "घरी गॅस चालू आहे का?" मीटरमध्ये पैसे नसतील तर तांदूळ आणि पास्ता देऊन उपयोग नसतो. मग नुसत्या उकळत्या पाण्यात होईल असं काही द्यायचं. वीजही गेली असेल, तर डबा उघडून थंडच खाता येईल असं. "सँक्शन लागलंय, भत्ता थांबवलाय," हे सांगताना माणसं टेबलाकडे बघतात, माझ्याकडे नाही. लाज त्यांना वाटते. ती वाटायला हवी होती तुम्हाला.

२०१० ते २०१६ रोजगार आणि निवृत्तिवेतन खातं तुमच्याकडे होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तुमचे कडक नियम लागू झाले. जॉबसेंटरमधली एक भेट चुकली की बेरोजगार भत्ता ४ आठवडे बंद, वर्षाच्या आत पुन्हा चुकली तर १३. नोकरी नाकारण्यासारखी कसूर तिसऱ्यांदा झाली तर थेट ३ वर्षं. आणि भत्ता तरी केवढा? २०१३ साली पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाला आठवड्याला ७१ पौंड ७० पेन्स. हातात काहीच नसलेल्याला अर्ज केल्यावर त्याच्या साठ टक्के 'हार्डशिप' मदत मिळे; पण घरात लहान मूल किंवा आजारपण नसेल, तर पहिले १४ दिवस तीही नाही. ही जुनी अट तुम्ही तशीच ठेवलीत. त्या १४ दिवसांत माणसाने काय खायचं, याचं उत्तर तुमच्या नियमावलीत नव्हतं. ते आमच्या टेबलावर येऊन पडलं.

काम शोधण्याची अट मला अमान्य नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब मागावाच. पण काम टाळणारा आणि दवाखान्यात अडकलेला यांच्यातला फरक कळायच्या आत पैसे थांबत असतील, तर त्याला हिशेब म्हणत नाहीत.

ऑगस्ट २०१५ मध्ये तुमच्या खात्याचं पत्रक उघडं पडलं, ते मी विसरू शकत नाही. त्यात 'सारा' नावाची बाई होती. तिने सुरुवातीला बायोडेटा तयार केला नाही म्हणून दोन आठवडे भत्ता कमी झाला, पण तिने तो केला आणि आता ती त्यावर खूश आहे, असं तिच्याच तोंडी लिहिलं होतं. माहिती अधिकारात विचारल्यावर कळलं की सारा नाहीच. फोटो विकतचा, शब्द कार्यालयात लिहिलेले. खात्याने ते 'केवळ उदाहरणादाखल' होतं असं सांगितलं आणि पत्रक मागे घेतलं. लाखो माणसांचा भत्ता तोडलात, आणि त्यांतला एकही तुमचे आभार मानणारा सापडला नाही, म्हणून तो बनवावा लागला! उपाशी माणसाच्या तोंडचा घास काढलात, आणि वर त्याच तोंडात आपलं कौतुक कोंबलंत.

बरं, उपयोग तरी झाला? नोव्हेंबर २०१६ मध्ये इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला. २०१५ सालात १३ कोटी २० लाख पौंड रोखले, ३ कोटी ५० लाख हार्डशिप म्हणून द्यावे लागले, आणि नियम राबवायला ३ ते ५ कोटींचा खर्च. या शिक्षेने माणसं कामाला लागतात का, हे स्वतःजवळच्या माहितीतून तपासण्याची तसदीही खात्याने घेतली नव्हती. ३ वर्षांची शिक्षा २०१९ मध्ये तुमच्याच पक्षाच्या अँबर रड यांनी रद्द केली.

एप्रिल २०१३ मध्ये रेडिओवर तुम्ही म्हणालात की वेळ आलीच तर आठवड्याला ५३ पौंडांत राहीन. चार लाखांहून अधिक लोकांनी सही करून सांगितलं, वर्षभर राहून दाखवा. तुम्ही राहिला नाहीत. २०२० मध्ये 'सर' मात्र झालात.

तुम्ही आजही खासदार आहात. त्याच सभागृहात उभं राहून सांगा की सारा नावाची बाई कुठेच नव्हती. आणि ज्यांचे ४ आठवडे, १३ आठवडे कोरडे गेले, त्या खऱ्या माणसांची माफी मागा. त्यांतले काही येत्या शुक्रवारीही आमच्या दारात असतील.

— फूड बँकेतली एक मराठी बाई