तीतीचा किकी

तीतीला साल विचारू नये. वय विचारलं तर चालतं, ते ती न विचारताही सांगते: "किकीपेक्षा एक वर्षाने मोठी." पण साल विचारलं की पंचाईत. फ्लोरिडात कधी आलीस? "'आ मेदियो विवीर' नुकतंच निघालं होतं." घटस्फोट कधी झाला? "'वुएल्वे'च्या वेळी, त्या कॅसेटनेच तारलं मला." आपण मनातल्या मनात किकीच्या कॅसेटींवरून हिशेब करायचा. म्हणजे १९९५ ला आली आणि १९९८ ला सुटली.

किकी म्हणजे रिकी मार्टिन. जगाचा रिकी, घरच्यांचा किकी. तीती स्वतःला घरचीच समजते. त्या घराला याचा पत्ता नाही, एवढंच.

ऑरलँडोच्या दक्षिणेला किसिमी लागतं. डिस्नेवर्ल्ड बघायला आलेली मराठी मंडळी इथल्या हॉटेलांत उतरतात, इडलीचं पीठ कुठे मिळेल ते विचारतात आणि निघून जातात. कायमची राहतात ती पोर्तो रिकोची माणसं. त्यांच्यात मावशी-आत्याला तीती म्हणतात, आणि ही आमच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांची तीती आहे. पोस्टमनसुद्धा तिला तीतीच म्हणतो. शाळेच्या कॅन्टीनमध्ये कामाला आहे, त्यामुळे समोरच्याने पुरेसं खाल्लं नाही असं ती जन्मतःच धरून चालते.

आमची ओळख तुरीच्या सोल्यांवरून झाली. जिन्यात वास आला तो थेट अमरावतीच्या स्वयंपाकघरातला. दार वाजवलं तर बाई भातात ओले तुरीचे दाणे घालत होती. त्याला ते 'आरोस कोन गांदुलेस' म्हणतात, सणावारी त्याच्याशिवाय पान हलत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे सोलेभात करतात. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं, चमचाभर भात पुढे केला आणि विचारलं, "तू कोलकात्याची का?" भारतातलं तिला माहीत असलेलं गाव ते एकच. २००२ मध्ये किकी कोलकात्याला गेला होता. रस्त्यावरच्या तीन मुली भलत्या हातात पडण्याआधी त्याने त्यांना वाचवलं, आणि त्यातूनच मुलांच्या तस्करीविरुद्धचं त्याचं काम सुरू झालं. मी अमरावतीची असल्याचं तिला अनेकदा सांगून झालंय. ती मान डोलावते आणि पाहुण्यांना ओळख करून देते, "ही नेना (पोरगी) कोलकात्याची."

तिच्या फ्रिजशेजारच्या भिंतीवर दोन्ही मुलांचे पदवीचे फोटो आहेत आणि मधोमध, त्याच मापाच्या चौकटीत, किकी. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर ती भिंत पाहिली आणि म्हणाली, "मधला मुलगा देखणा आहे हो. लग्न झालंय का?" मी भाषांतर करून विचारलं. तीतीने हातातली ग्रेका (कॉफीचं ते अष्टकोनी भांडं) ओट्यावर आपटली. "झालं होतं. २०२३ ला मोडलं. आईला सांग, विषय काढू नका."

आता तिची मूळ तक्रार. १९७७ मध्ये एदगार्दो दियास या गृहस्थाने पोर्तो रिकोत मेनुदो नावाचा गाणाऱ्या मुलांचा संच काढला. त्यातली मेख अशी की मुलगा सोळा वर्षांचा झाला, आवाज फुटला, अंगापिंडाने वाढला की बाहेर. त्याच्या जागी नवा बारक्या. मुलं बदलत राहायची, मेनुदो तेवढंच कोवळं राहायचं. किती मुलींचे वाढदिवस या नियमाने नासवले याचा हिशेब तीतीकडे आहे. आवडत्या पोराचा सोळावा जवळ आला की वर्गात सुतक. तिच्या मते कारखान्यात असा नियम काढला असता तर संप झाला असता.

किकी दोनदा परीक्षेला गेला आणि दोन्ही वेळा उंची कमी म्हणून परत आला. तिसऱ्यांदा घेतलं. हा भाग सांगताना तीती खुर्चीवरून उठते आणि हाताने जमिनीपासूनची उंची दाखवते. दरवर्षी ती उंची थोडी कमी होत चालली आहे. सध्या किकी तिच्या गुडघ्याच्या जरा वर येतो. जुलै १९८४ मध्ये, बारा वर्षांचा असताना, तो सान हुआनच्या बेयास आर्तेस नाट्यगृहात पहिल्यांदा मेनुदोत उभा राहिला. "मी होते तिथे," तीती म्हणते. तिची बहीण शेजारच्या सोफ्यावरून, भरतकामातून मान वर न करता म्हणते, "आपण त्या दिवशी पोन्सेला आजीकडे होतो." यावर दोघींचं भांडण सुरू आहे ते मी या बिल्डिंगमध्ये राहायला येण्याच्या आधीपासून.

बाकीच्या मुली मेनुदोतल्याच रॉबी रोसावर मरायच्या. तीतीने एकटीने किकी धरला, कारण तो लहान होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. तिचं त्याच्याशी नातं तेव्हापासून मोठ्या बहिणीचं: अभिमान पोटात, ओठावर फटकारा. पहिल्या एकट्याच्या कॅसेटवरचे केस? "आय बेन्दितो, कंगवा नव्हता घरी." १९९४ पासून तो 'जनरल हॉस्पिटल' या मालिकेत मिगेल मोरेस झाला. त्या दोन वर्षांत तीती इंग्रजी शिकली. त्यामुळे आजही तिच्या इंग्रजीत हृदयविकार, वारसाहक्क आणि विश्वासघात हे शब्द अस्खलित येतात, पण बँकेत गेलं की अडतं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर 'ले मिझराब्ल'मध्ये त्याने मारियुस केला. तीती गेली नव्हती, तिकीट परवडलं नसतं. तरीही तिचं मत पक्कं आहे: "पोषाख जाड होता. घामाने बेजार झाला असणार पोर."

१२ जुलै १९९८, पॅरिसजवळ सां-दनी, विश्वचषकाची अंतिम लढत. सामन्याआधी किकी गायला. ती दुपार तीतीला मिनिटामिनिटाने आठवते. कोणता शर्ट, कोणत्या ओळीला कंबर कुठे, कॅमेऱ्याने कुठे घाण केली. सामना कोणी जिंकला हे मात्र तिला ठाऊक नाही. एकदा माझ्या नवऱ्याने न राहवून सांगितलं, "फ्रान्स, ब्राझीलला तीन-शून्य." तिने विनयाने ऐकून घेतलं, एखाद्याच्या गावच्या पावसाची बातमी ऐकतात तसं.

पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर त्याने तेच गाणं म्हटलं आणि हॉलिवूडचे सगळे सूटबूटवाले उभे राहिले. मग 'लिविन ला विदा लोका' पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरावर, 'टाइम'च्या मुखपृष्ठावर फोटो, आणि लॅटिन संगीताचा शोध लागल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. तीतीला आनंद झाला आणि रागही आला. "शोध लागला म्हणे! आम्ही काय लपून बसलो होतो?" शिवाय त्या गाण्याच्या दोन कर्त्यांपैकी एक रॉबी रोसा, तोच मेनुदोतला. त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून तीतीचा जीव तुटतो. ज्याच्यावर इतर मुली मरायच्या त्याचीही काळजी आता हिलाच.

तिच्या दरबारात किकीला सवलत नाही. जानेवारी २००१ मध्ये त्याने थोरल्या बुशच्या मुलाला शपथविधीच्या समारंभात मंचावर ओढून नाचवलं, त्यावर ती आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती. म्हणजे भिंतीवरची चौकट उलटी करून ठेवली होती. २००७ मध्ये सान हुआनच्या मैफलीत गाण्यात बुशचं नाव आलं तेव्हा त्याने बोट दाखवलं. कोणतं ते वाचकांनी समजून घ्यावं. तीतीने चौकट पुन्हा उलटी केली. "मत बदललं ते ठीक. पण आईसमोर असं करतात?"

मात्र तिच्यादेखत दुसऱ्या कोणी एक शब्द काढून बघावा. मुलाखतकार बार्बरा वॉल्टर्सनी २००० मध्ये टीव्हीवर त्याला खोदून खोदून विचारलं, तू त्यातला आहेस की नाहीस ते एकदा सांगून टाक. तेव्हापासून त्या बाई दिसल्या की तीतीच्या घरचा टीव्ही बंद. पुढे वॉल्टर्सनी स्वतःच म्हटलं की तो प्रश्न विचारायला नको होता. मी मोठ्या उत्साहाने ती बातमी तिला फोनवर दाखवली. तीतीने चष्मा लावला, वाचली, फोन परत दिला. "उशीर झाला."

मार्च २०१० मध्ये किकीने स्वतःच स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहून सांगितलं की मी समलिंगी आहे आणि याचा मला आनंद आहे. तीतीची प्रतिक्रिया ठरलेली: "मला १९८४ पासून माहीत होतं." बहीण भरतकामातून: "मग १९९१ ला त्याच्याशी लग्न व्हावं म्हणून पाद्रीबुवांकडे मेणबत्त्या कोणी लावल्या?" तीती: "तेव्हा मी लहान होते." एकवीस वर्षांची होती. चर्चमधल्या एका बाईने त्या आठवड्यात काहीतरी कुजबुजलं. तीती तिच्या बाकावरून उठून पलीकडे जाऊन बसली आणि अजूनही पलीकडेच बसते. किकीवर तिचा राग एकच: त्याच्या जुळ्या मुलांचा जन्म २००८ चा, "म्हणजे दोन वर्षं पोरांना सांभाळायला बाईमाणूस आहे की नाही याची मला काळजी, आणि हा काही सांगेना."

अमरावतीला 'मारिया' आमच्या गरब्यात वाजायचं हे मी तिला सांगितलं, त्या दिवशी तिचा भारताबद्दलचा आदर वाढला. लगेच परीक्षा. ओट्याजवळची खुर्ची सरकवली, गाणं लावलं, "दाखव." मी दांडियाच्या हिशेबाने दोन टाळ्या वाजवून गिरकी घेतली. "हात ठीक. पण तुझी कंबर झोपलीय." मग तिने स्वतः करून दाखवलं. पंचावन्नच्या घरातली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई, खांदे जागच्या जागी, पाय फरशीवरून वीतभरही न सरकता, आणि मधलं सगळं गाण्याच्या ताब्यात. माझा मुलगा दारात येऊन बघत उभा राहिला. "आई, तू असं करू नकोस," तो म्हणाला.

याच गाण्यावर मधली काही वर्षं तिच्या घरी बंदी होती. सप्टेंबर २०१७ मध्ये पोर्तो रिकोवर जे चक्रीवादळ आदळलं त्याचंही नाव मारियाच. बेटावरची वीज गेली ती काही भागांत महिनोन्‌महिने आली नाही. माणसं विमानं भरभरून ऑरलँडोला उतरली, आणि तीतीची बहीण आपल्या कुटुंबासह याच सोफ्यावर येऊन पडली. भरतकामाची पिशवी तेवढी वाचली होती. किकीने मदतीसाठी पैसा उभा केला, विमानाने सामान नेलं. तीतीने त्याचं कौतुक केलं, पण गाणं लावलं नाही. लिफ्टमध्ये कोणाच्या फोनची रिंग म्हणून वाजलं तर ती पुढच्या मजल्यावर उतरून जिन्याने जायची. ते परत कधी सुरू झालं ते मी विचारलेलं नाही.

२०२२ मध्ये मेनुदोवर माहितीपट आला. जुनी मुलं, आता पन्नाशीची, कामाचे तास सांगत होती, आणि त्याहून वाईट गोष्टी. तीतीने सगळे भाग एका बैठकीत पाहिले. दुसऱ्या दिवशी कपाटातली पत्त्यांच्या आकाराची चित्रकार्डं, टाचणवही, कॅसेटी, सगळं टेबलावर काढलं. मला वाटलं, टाकतेय. ती फडक्याने एकेक कार्ड पुसत होती. "आम्ही बाहेर ओरडायचो," ती म्हणाली, "आणि ही पोरं आत रडत होती. कोणी सांगितलं नाही आम्हाला." मग प्रत्येकाचं नाव घेऊन तो आता कुठे असतो, काय करतो, ते सांगत बसली. सगळ्यांचं माहीत होतं.

२०२३ मध्ये किकी, एन्रिके इग्लेसियास आणि पिटबुल असा तिघांचा मिळून दौरा निघाला. तीती मला घेऊन गेली. आजूबाजूला तिच्याच वयाच्या बायका, पर्समध्ये वेदनाशामक गोळ्या आणि अंगात १९९९ चे टीशर्ट. एन्रिके गात असताना तीती खाली बसून संत्र्याची गोळी चघळत राहिली. "हा चांगला मुलगा आहे. पण वडील मोठे गायक होते ना, कष्ट नाही पडले याला." पिटबुल आल्यावर ती स्वच्छतागृहात जाऊन आली. किकी आला तेव्हा मात्र ओरडली नाही. डोळे बारीक करून बघत राहिली. "बारीक झालाय," शेवटी माझ्या कानात म्हणाली. "घटस्फोटानंतर नीट जेवत नसणार." आणि मग ओरडली, अशी की पुढच्या रांगेतल्या बाईने दोन्ही कानांवर हात ठेवले.

तीतीची भाची सतरा वर्षांची आहे, गायक बॅड बनीची चाहती. तिच्या खोलीत भिंत दिसत नाही. तीतीला त्याचा एक शब्द कळत नाही, "दातांच्या डॉक्टरकडून थेट आल्यासारखा गातो." पण २०१९ मध्ये गव्हर्नर रोसेयोविरुद्ध सान हुआन रस्त्यावर उतरलं, तेव्हा तो आणि किकी एकाच ट्रकवर उभे होते, आणि गव्हर्नरला जावं लागलं. त्यामुळे त्याला घरात प्रवेश आहे. परवा भाची दौऱ्याच्या तिकिटाला पैसे मागायला आली. तीतीने पर्स उघडली आणि मिटली.

"विचार केलास का? तो तिशी ओलांडून गेलाय. आता त्याचे गुडघे, त्याची लग्नं, त्याची मुलं, कोणाला मत दिलं, सगळं तुला बघावं लागेल. मी तेव्हा असेन-नसेन."

भाची म्हणाली, "तीती, नुसतं गाणं ऐकायचंय मला."

"असंच म्हणाले होते मी," तीती म्हणाली, आणि पैसे मोजायला लागली.