नानांचा काटा

रविवारी सकाळी मुलुंड पश्चिमेच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा. पार्किंगमध्ये एक गृहस्थ कंबरेपासून खालीच दिसतील. वरचा भाग बॉनेटमध्ये असतो. हे नाना. बर्म्युडा, गंजीफ्रॉक, कानामागे टेस्टर. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखान्याच्या जागी टॉवर आले, मेंटेनन्स नानांच्या अंगातच राहिलं.

गाडी प्रीमियर पद्मिनी. तिला 'जुनी' म्हटलेलं खपत नाही, 'क्लासिक' म्हणायचं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे याच रस्त्यावरची, म्हणून नानांच्या लेखी ती कुर्ल्याहून मुलुंडला दिलेली लेक. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी नानांनी दाढी केली नाही.

तर या पद्मिनीत नानांनी चोर बाजारातून आणलेला आरपीएमचा मीटर बसवला होता. कुठल्याशा विलायती गाडीचा, स्मिथ्स कंपनीचा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना त्याचा काटा पाचशेवर टेकायचा, आणि हे सांगण्याची एकही संधी नाना सोडत नसत. "लोकांच्या पद्मिन्या सातशेच्या खाली आल्या की बंद पडतात. आपली पाचशेवर! हात ठेव बॉनेटवर." आम्ही ठेवायचो. हात चांगला थरथरायचा, पण बोलणार कोण?

मग नानांनी डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं. पॉइंट काळे पडणं बंद, पॉलिश पेपरने घासणं बंद, पावसाळ्यातलं मिसिंगही बंद. गाडी अर्ध्या सेल्फला चालू. फक्त काट्याला वेड लागलं. गाडी उभी असताना तीन हजार, रेस दिली की शून्य.

इथून सोसायटीचे हाल सुरू झाले. कारण नाना बॉनेटमध्ये, काटा डॅशबोर्डवर, तेव्हा आत बसून रेस द्यायला माणूस लागतो. पार्किंगमधून जाणारा कोणीही चाले.

"अरे, दोन मिनिटं बस. दे रेस. किती?"

"शून्य."

"नीट बघ."

"नाना, शून्य नीटच दिसतंय."

एकदा कुरिअरवाला सापडला. पार्सलवर सही हवी म्हणून तो थांबला, तर नानांनी त्याला सगळं शास्त्र सांगितलं. हा मीटर जुन्या पद्धतीचा, कॉइलकडे जाणारा करंट याच्या पोटातून जातो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, तो ठोका हा मोजतो. चार सिलिंडर, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला दोन ठोके. किटचा ठोका वेगळ्या जातीचा, तो याला पचत नसावा. कुरिअरवाल्याने मान डोलावली, तेव्हा सही झाली.

संशयितांची यादी मात्र वाढतच गेली. अर्थिंग घासून झालं, प्लगच्या वायरी बदलून झाल्या. मग किट काढून पुन्हा पॉइंट लावून पाहिले, तर काटा शहाण्यासारखा पाचशेवर. म्हणजे मीटर निर्दोष! काकू वरून गॅलरीतून म्हणाल्या, "इंजिन आवाजावरून कळतं म्हणता ना? मग काटा कशाला?"

"कान बरोबर आहेत का ते तपासायला," बॉनेटमधून उत्तर आलं.

शेवटी भांडुपचा मेकॅनिक आला. पोरसवदा, पण वायर बघायची नजर पक्की. किटची लाल वायर नानांनी कॉइलच्या प्लसवर जोडली होती, म्हणजे मीटरच्या पुढे. त्यामुळे किट स्वतः खातं तो करंटही मीटरच्या पोटातूनच जात होता. त्याने ती वायर मागे नेऊन इग्निशन स्विचकडे, मीटरच्या अलीकडे जोडली. काटा पाचशे. चहा अजून खाली यायचा होता. इतक्या महिन्यांची इस्टेट एका वायरीत संपलेली पाहून नाना थोडे पडलेच.

पण पोरगं तिथे थांबेल तर ना! त्याने पुलीवर चमकती पट्टी चिकटवली, खिशातून हातात धरायचा मीटर काढून त्यावर रोखला. साडेसातशे.

"काका, तुमचा मीटर सहा सिलिंडरच्या गाडीचा आहे. तीन ठोके झाले की तो एक फेरा धरतो. गाडी पहिल्यापासून साडेसातशेवरच आहे."

पार्किंगमध्ये बरीच माणसं होती. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या चपलांकडे पाहिलं.

"आतून सेट करून देऊ?" पोराने विचारलं.

"उघडायचा नाही!" नाना गरजले. "ओरिजिनल आहे." कुठल्या गाडीचा ओरिजिनल, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

हल्ली नाना ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागले की काटा मोठ्याने वाचतात आणि मागे बसलेल्या नातवंडांनी त्याला दीडने गुणायचं असतं. नातवंडं आयसीएसईची, मोबाइल काढतात. तोवर गिअर बदलायची वेळ टळून जाते. काकूंना मात्र शाळेतली दिडकी अजून तोंडपाठ आहे.

"वीस!"

"वीस दिडे तीस. टाका टॉप."

म्हणून पुढची सीट आता काकूंची.